लेडी अबला बोस यांचा परदेशातील संसार

सर जगदीशचंद्र बोस यांचे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. वनस्पतींनाही संवेदना असते असे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढे तरी आपण वाचलेले असतेच. परंतु आपले संशोधन जगापुढे मांडण्यासाठी त्यांना सरकारी नोकरीतून लांबलांबच्या रजा काढून परदेशी बिऱ्हाड करावे लागे, आणि त्या बिऱ्हाडात त्यांच्या पत्नी अबलाबाई बरोबर असत, ही गोष्ट धड्यात सहसा येत नाही. हल्ली आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतून नवराबायको वर्ष-दोन वर्षे परदेशी राहून येतात. नवऱ्याला तिकडे काम असते; बाईने काय करायचे, हा प्रश्न हमखास निघतो. त्यासाठी अबलाबाईंचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १८६५ चा, म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याच वर्षाचा. माहेर पूर्व बंगालातील बारिसालचे. वडील दुर्गामोहन दास हे ब्राह्मसमाजी वकील होते. त्यांनी आपल्या तरुण विधवा सावत्र आईचा पुनर्विवाह लावून दिला आणि त्यापायी लोकांचा बहिष्कार सोसला. देशबंधु चित्तरंजन दास हे अबलाबाईंचे चुलत भाऊ. अशा घरात वाढलेल्या मुलीला डॉक्टर व्हावेसे वाटले यात नवल नाही. पण कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज तेव्हा मुलींना घेत नव्हते. १८८२ साली बंगाल सरकारची शिष्यवृत्ती घेऊन त्या मद्रासला गेल्या. घरापासून इतक्या लांब, भाषा निराळी, हवा निराळी. तेथे त्या शिकल्या, पण प्रकृतीने दगा दिला आणि परत यावे लागले. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत चढल्या. एकीचे स्वप्न पुरे झाले, पण आयुष्य थोडे निघाले. दुसरीला दीर्घायुष्य लाभले, पण ते स्वप्न सुटले.

१८८७ साली त्यांचा विवाह झाला. जगदीशचंद्र प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रोफेसर होते खरे, पण घरात पगार येत नव्हता. हिंदी प्रोफेसरांना गोऱ्यांच्या दोन तृतीयांश वेतन मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून जगदीशचंद्रांना त्याच्याही निम्मे देऊ केले होते. हा अपमान मानून त्यांनी तीन वर्षे पगाराला हातच लावला नाही. शिकवणे मात्र एक दिवस चुकवले नाही. शिवाय वडिलांचे कर्ज डोक्यावर. या दिवसांत नवे जोडपे हुगळीकाठी चंद्रनगरला राहत होते. नावेचे भाडे परवडत नसल्याने त्यांनी लहानशी होडी घेतली होती. सकाळी दोघे नदी ओलांडत, आणि पतीला पैलतीरी सोडून अबलाबाई होडी वल्हवत परत आणीत! नाव अबला ठेवणाऱ्यांनी हे दृश्य पाहायला हवे होते. अखेर सरकार नमले, मागचा सारा पगार एकरकमी मिळाला आणि तो बहुतेक कर्जात गेला.

पहिली विलायतवारी १८९६ सालची. सप्टेंबरात लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत जगदीशचंद्रांनी विद्युत्-लहरींवरील आपले यंत्र चालवून दाखवले. सभा संपल्यावर वृद्ध लॉर्ड केल्व्हिन लंगडत लंगडत जिना चढून स्त्रियांच्या सज्जात गेले आणि अबलाबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी अभिनंदन केले. पुढे लंडन, पॅरिस, बर्लिन अशी व्याख्याने झाली आणि १८९७ च्या वसंतात दोघे परतली.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या खेपेला. १९०० च्या उन्हाळ्यात पॅरिसला पदार्थविज्ञानाची मोठी परिषद भरली होती, तिच्यासाठी दोघे निघाली. स्वामी विवेकानंद त्या वेळी पॅरिसलाच होते. तेथून इंग्लंडला गेल्यावर जगदीशचंद्रांचे दुखणे बळावले आणि डिसेंबरात लंडनमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. परका मुलूख, कडाक्याची थंडी आणि नवरा इस्पितळात. भगिनी निवेदितांच्या आईचे घर विंबल्डनला होते. त्या घराने या दोघांना आसरा दिला आणि विश्रांतीचे दिवस तेथे गेले. निवेदितांशी जडलेला हा घरोबा पुढे सख्ख्या बहिणींसारखा टिकला.

बरे होऊन जगदीशचंद्र १९०१ च्या मे महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोलले. धातू, वनस्पती आणि प्राणी यांना बाहेरून चेतवले असता तिघांचा प्रतिसाद सारखाच दिसतो, असे त्यांचे म्हणणे. पण जूनमध्ये रॉयल सोसायटीत नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला आणि त्यांचा निबंध छापला गेला नाही. इकडे सरकारी मुदत संपत आली. परत जावे तर काम अर्धवट आणि नावावर डाग. राहावे तर कमी पगाराच्या रजेवर लंडनचा खर्च. विलायतेतच प्राध्यापकी पत्करावी असे तिकडचे स्नेही सुचवीत होते. ते त्यांनी नाकारले. एका तारायंत्र कंपनीचा मालक पेटंटात भागी देऊ लागला, तेही नाकारले. (निवेदिता आणि सारा बुल यांनीच पुढे खटपट करून अमेरिकेत एक पेटंट काढवले, ते १९०४ साली मिळाले.) आम्हां संसारी बायकांना हे वाचताना चुटपुट लागते. पैशाची अशी ओढ असता दारी आलेली लक्ष्मी परत पाठवायची!

राहायचे ठरले. मदतीला धावून आले रवींद्रनाथ ठाकूर. त्यांनी त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य यांच्याकडे शब्द टाकला आणि महाराजांनी पैसे पाठवले. तरीही त्या दिवसांत घरखर्च कसा ओढला असेल, ते ज्यांनी परगावी बिऱ्हाड केले आहे त्यांनीच ओळखावे. १९०२ साली लिनिअन सोसायटीने तो विषय ऐकून घेऊन छापला, जगदीशचंद्रांचा ग्रंथही निघाला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात दोघे मायदेशी आली. दोन वर्षांवर काळ गेला होता.

या सर्व प्रवासांत अबलाबाई नुसत्या सोबतीला नव्हत्या. पाहिलेल्या देशांची वर्णने त्यांनी 'मुकुल' या बंगाली बालमासिकात मुलांसाठी लिहिली. तिकडच्या मुलींच्या शाळा, लहान मुलांना शिकवण्याच्या रीती त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिल्या. १९०७ ते १९०९ पुन्हा युरोप-अमेरिका झाली. मायदेशातही दोघांची भटकंती चालूच असे. १९०९ च्या अखेरीस निवेदितांसह त्यांनी आपल्या अजिंठ्याची लेणी पाहिली. १९११ साली दार्जिलिंगला निवेदितांचा अंत झाला, तेव्हा हे दांपत्यच त्यांच्या जवळ होते.

१९१४ च्या वारीत लाजाळूची रोपे पेट्यांत घालून बोटीने नेली होती. थंडीने ती मरू नयेत म्हणून लंडनला त्यांना उबदार काचघरात ठेवावे लागे. मेडा व्हेल भागातील बिऱ्हाडात प्रयोगशाळाच थाटली होती आणि मोठमोठे लोक ती पाहायला येत. महायुद्ध सुरू झाले तेव्हा दोघे युरोपातच होती. मग अमेरिका आणि जपान करून १९१५ मध्ये ती परतली.

अपत्यसुख त्यांना लाभले नाही. जगदीशचंद्रांनी १९१७ साली आपली विज्ञानसंस्था उभारली. अबलाबाईंचे काम त्याआधीच सुरू झाले होते. कलकत्त्याच्या ब्राह्म बालिका शिक्षालयाचे चिटणीसपद त्यांनी १९१० पासून १९३६ पर्यंत सांभाळले. १९१९ साली नारी शिक्षा समिती काढून खेड्यांतून मुलींच्या शाळा चालवल्या. शाळा काढल्या तरी शिकवायला बाई मिळेना. तेव्हा १९२५ साली त्यांनी विद्यासागर वाणी भवन उघडले. तेथे तरुण विधवांना शिकवून शिक्षिका करायचे आणि त्याच शाळांवर पाठवायचे. पोटाचा प्रश्नही सुटला आणि शाळेचाही. त्यांच्या थोरल्या भगिनी सरला राय यांनी १९२० साली मुलींची शाळा काढली, तिला नाव दिले आपल्या नामदार गोखल्यांचे.

१९३७ च्या नोव्हेंबरात गिरिडीह येथे जगदीशचंद्र वारले. पन्नास वर्षांची सोबत सुटली. त्यानंतर तेरा वर्षांवर अबलाबाई या संस्था पाहत राहिल्या. १९५१ साली त्या वारल्या, तेव्हा वाणी भवन सुरू होऊन सव्वीस वर्षे झाली होती.