अलेक्सेई फेदचेंको

काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांस हे दृश्य अपरिचित नसेल: मासा खातो, तरी दिवसेंदिवस वाळत जातो, आणि एके दिवशी त्याच्या गुदद्वारापाशी तांबड्या सुताचे टोक लोंबताना दिसते. हा आतड्यात राहणारा कॅमॅलॅनस कृमी होय. पाण्यात लेव्हामिसोल घालून त्यावर उपाय करतात. आम्हां कोकणी घरच्यांस मासा म्हणजे ताटातला विषय. परंतु या माशाच्या कृमीचा धागा थेट माळव्यातील पायऱ्यांच्या विहिरींपर्यंत येतो.

जर्मन प्राध्यापक ल्यूकार्ट यांस आढळले, की पर्च माशातील या जातीच्या कृमीची पिले प्रथम सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या जलजीवात वाढतात. माणसाच्या नारूचेही तसेच असेल काय, हे पाहण्याचे त्यांनी एका तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञास सुचविले. तो तरुण म्हणजे अलेक्सेई फेदचेंको.

त्यांचा जन्म १८४४ मध्ये सैबेरियातील इर्कुत्स्क येथे झाला व शिक्षण मॉस्को विद्यापीठात. १८६७ मध्ये वनस्पतिशास्त्राची व्यासंगी ओल्गा हिच्याशी विवाह झाला आणि तुर्कस्तानच्या सफरीस दोघे जोडीनेच निघाली. समरकंद भागात नारूचा उपद्रव होता. हातभर किंवा त्याहूनही लांब कृमी पायाच्या फोडातून बाहेर येई. तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळीत काढावा लागे. असा पाय पाण्यात बुडाला, की असंख्य पिले पाण्यात पडत. फेदचेंको यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती पिले सायक्लॉप्सच्या देहात शिरलेली पाहिली. १८७० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. ते पाणी प्याल्यानेच माणसास नारू होतो, हा त्यांचा तर्क बरोबर होता. पण तो प्रयोगाने सिद्ध करणे त्यांच्या हातून झाले नाही. ते काम पुढे १९१३ च्या सुमारास मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत डॉ. तुरखुद यांनी केले.

पामीरच्या हिमनद्यांची त्यांस ओढ लागली होती. त्या पूर्वतयारीसाठी ते १८७३ च्या सप्टेंबरात आल्प्समधील माँ ब्लाँवर चढले, वादळात सापडले आणि थंडीने गारठून मरण पावले. वय अवघे एकोणतीस. घरी वर्षाचाही न झालेला मुलगा बोरिस. ओल्गाबाईंनी पतीच्या प्रवासाचे ग्रंथ एकामागून एक प्रसिद्ध केले. बोरिसही वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. पामीरमधील सत्तर किलोमीटरांहून लांब अशा एका हिमनदीस फेदचेंको यांचे नाव आहे.

औषध नसलेला हा रोग पाणी गाळून पिण्याने व पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्याने हटला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. धार-झाबुआकडील वृद्धांस ती काडी अजून आठवते.