शेख राशिद आणि दुबईची खाडी

आपण बेटावरची माणसे. बंदराला बोट लागली तरच घरात तांदूळ येतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बुजत चाललेले एक बंदर वाचवणाऱ्या राज्यकर्त्याची ही हकीकत आहे.

शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांचा जन्म 1912 च्या सुमारास दुबईत झाला. त्यांच्या तरुणपणी, शिंपल्यांची शेती करून काढलेले जपानी मोती स्वस्तात मिळू लागले आणि दुबईचा मोत्यांचा धंदा बुडाला. आधार उरला तो देरा आणि बर दुबई यांच्यामधल्या खाडीचा. हिंदुस्थानचा माल गलबतांतून तेथेच उतरे. व्यवहारही 1966 पर्यंत रुपयातच होत असे.

पण खाडी वाळूने भरत चालली होती. लाटा किनाऱ्याने वाळू ढकलत आणीत आणि खाडीच्या मुखाशी टाकीत. पाण्याची वाट अरुंद असली की ओहोटी जोराने वाहते व वाळू धुऊन नेते. वाट रुंद आणि उथळ झाली की पाणी मंदावते व वाळू तेथेच बसते. त्यामुळे मोठी जहाजे बाहेर समुद्रात उभी राहत आणि माल पडावांतून आणावा लागे.

नुसती वाळू उपसली तर ती पुन्हा भरणार, हे उघड होते. म्हणून ब्रिटनच्या हॅलक्रो कंपनीच्या अभियंत्यांनी आधी खाडीची पाहणी केली. तळ खोल करावा आणि भिंती बांधून प्रवाहाला वळण लावावे, असा बेत ठरला. प्रश्न पैशाचा होता. तेल अजून सापडले नव्हते. 1958 मध्ये गादीवर आलेल्या राशिद यांनी व्यापाऱ्यांना रोखे विकले व कुवेतकडून कर्ज घेतले. पाण्याचा अंदाज चुकला असता तर सारे संस्थान कर्जात बुडाले असते.

1959 मध्ये सुरू झालेले काम 1961 पर्यंत पुरे झाले. उपसलेल्या वाळूने सखल जागा भरून जमीन तयार झाली. त्याच सुमारास शेजारच्या शारजाची खाडी गाळाने बुजली आणि तेथील व्यापार दुबईकडे वळला.

दुबईत तेल सापडले 1966 मध्ये. पुढे 1971 मध्ये संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र झाले, 1972 मध्ये राशिद बंदर आणि 1979 मध्ये जबल अली बंदर उघडले. 7 ऑक्टोबर 1990 रोजी शेख राशिद निवर्तले.

दुबई तेलाने मोठी झाली, असे पुष्कळांना वाटते. पण तेल मागाहून आले. त्याआधी तेथे वाहत्या पाण्याचा स्वभाव ओळखला गेला होता आणि त्यावर विश्वास ठेवून एका माणसाने कर्ज डोक्यावर घेतले होते.