बहिणाबाई चौधरी : जीवनपरिचय

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली आसोदे या जळगावजवळील गावी झाला. वडील उखाजी महाजन व आई भिमाई यांच्या शेतकरी घरात त्या वाढल्या. अक्षरओळखीची संधी त्यांना कधीच मिळाली नाही.

वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो तत्कालीन कायद्याविरुद्ध नव्हता. १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा झाले होते; हिंदू मुलीच्या विवाहाला मात्र ब्रिटिश हिंदुस्थानात किमान वयाची अट नव्हती. चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला. तेव्हा बहिणाबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. ज्या वयात शरीर व मन घडत असते, त्या वयात संसाराचा भार पेलणे हा त्या काळी खानदेशातील शेतकरी मुलींचा सर्वसामान्य अनुभव होता.

तिशीच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. काशी, ओंकार व सोपानदेव ही तीन मुले त्यांनी वाढविली. ओंकार यांना प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. जाते, चूल व शेत यांच्या सोबतीने बहिणाबाई ओव्या रचत राहिल्या. माहेरची ओढ आणि सासरचे कष्ट त्यांत लेवा गणबोलीच्या ठसक्यात प्रकटले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

ही रचना त्यांना स्वतःला लिहून ठेवता आली नाही. कवी असलेले पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी तिची टिपणे केली होती. आचार्य अत्रे यांच्या पुरस्काराने १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

बहिणाबाईंच्या निरक्षरतेकडे अनेकदा कौतुकाने पाहिले जाते. ही दृष्टी तपासून घ्यावी लागेल. त्यांची प्रतिभा निरक्षरतेमुळे फुलली नाही. ती निरक्षरता असूनही टिकली. त्यांचे शब्द टिपणारा मुलगा घरात होता. ज्यांच्या घरी असे कोणी नव्हते, त्या जात्यावरच्या मुलींची गाणी त्यांच्याबरोबरच लोपली. म्हणून मुलीचे शिक्षण आणि विवाहाचे योग्य वय हे प्रश्न समाजशास्त्राइतकेच वाङ्मयेतिहासाचेही आहेत.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या घरातील वा परिसरातील एका वृद्ध स्त्रीची पाठ असलेली ओवी तिच्याच बोलीत लिहून घ्या. तिचे विवाहसमयीचे वय व शिक्षण नोंदवा आणि बहिणाबाईंच्या जीवनाशी त्याची तुलना करा.