विश्लेषण : ५० कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी शोधणारे चार्ल्स वॉलकॉट कोण होते? त्यांचे निष्कर्ष कुठे चुकले?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, योहो राष्ट्रीय उद्यानातील एका उंच डोंगरउतारावर बर्जेस शेल नावाची जागा आहे. तिथल्या छोट्याशा खाणीतून ना कोळसा निघाला ना सोने. निघाले ते सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या समुद्रातील प्राणी, तेही डोळे, पाय आणि आतड्यांच्या खुणांसह. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स डूलिटल वॉलकॉट यांनी १९०९ मध्ये ही जागा शोधली आणि पुढे ६५ हजारांहून अधिक नमुने जमवले. मात्र त्यांतील अनेक प्राणी नेमके काय आहेत, हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही.

डार्विन यांना कोणता प्रश्न सतावत होता?

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यातील एक कच्चा दुवा त्यांनी स्वतःच मान्य केला होता. खडकांच्या थरांत कॅम्ब्रियन काळापासून, म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून, प्राण्यांचे जीवाश्म भराभर दिसू लागतात. त्याखालच्या जुन्या थरांत मात्र तेव्हा जवळपास काहीच सापडत नव्हते. उत्क्रांती संथ गतीने होत असेल, तर या प्राण्यांचे पूर्वज कुठे आहेत? वॉलकॉट यांचे जवळपास सगळे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले.

शाळा अर्धवट, मग खडकांकडे कसे वळले?

वॉलकॉट यांचा जन्म ३१ मार्च १८५० रोजी न्यूयॉर्क राज्यातील न्यूयॉर्क मिल्स या गावी झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. शाळेचे शिक्षण पूर्ण न करताच त्यांनी ते सोडले आणि हार्डवेअरच्या दुकानात नोकरी धरली. महाविद्यालयाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधीच चढले नाहीत.

पण ट्रेंटन फॉल्सजवळच्या रस्ट कुटुंबाच्या शेतावर ते काम करू लागले आणि तिथल्या दगडांत त्यांना ट्रायलोबाइट सापडू लागले. पाठीवर आडव्या कड्या असलेला, चपट्या अंगाचा हा समुद्री प्राणी केव्हाच नामशेष झाला आहे. वॉलकॉट यांनी जमवलेला संग्रह १८७३ मध्ये हार्वर्डमधील नामवंत शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी ३,५०० डॉलरना विकत घेतला. अगासींच्या हाताखाली शिकण्याचा वॉलकॉट यांचा बेत होता, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अगासी वारले.

मग वॉलकॉट यांनी स्वतःच मार्ग काढला. ट्रायलोबाइटला पाय होते की नाही, यावर तेव्हा वाद होता, कारण सापडायचे ते बहुतेक वेळा पाठीचे कवचच. वॉलकॉट यांनी जीवाश्म असलेल्या दगडाचे पातळ काप केले, ते घासून प्रकाश आरपार जाईल इतके झिरझिरीत केले आणि पायांचे आडवे छेद दाखवून दिले. ज्याच्याकडे पदवी नव्हती, त्या पंचविशीतल्या तरुणाने हा वाद असा मिटवला.

याच काळात, १८७६ मध्ये, त्यांची पहिली पत्नी लुरा यांचे निधन झाले. लग्नाला जेमतेम चार वर्षे झाली होती.

ग्रँड कॅन्यनमध्ये काय हाती लागले?

१८७९ मध्ये ते अमेरिकेच्या नव्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत वर्षाला ६०० डॉलर पगारावर रुजू झाले आणि १८९४ मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी, कॅम्ब्रियनपेक्षाही जुन्या खडकांत त्यांना काही मिलिमीटरच्या काळ्या चकत्या आढळल्या. हे जीवसृष्टीचेच अवशेष आहेत, असे त्यांनी १८९९ मध्ये जाहीर केले. ते बरोबर होते. मात्र त्यांना त्या शिंपल्यासारख्या प्राण्याच्या वाटल्या, तो अंदाज चुकला.

पूर्वज न सापडण्याचे कारणही त्यांनी १९१० मध्ये सुचवले. त्या मधल्या काळातील समुद्री गाळ आज जमिनीवर कुठेच उरलेला नाही, म्हणून पूर्वजही दिसत नाहीत, असा त्यांचा तर्क होता. दिसायला तो तर्क पक्का होता, पण टिकला नाही. १९४६ मध्ये रेग स्प्रिग यांना ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांत मऊ शरीराच्या जीवांचे ठसे सापडले. कॅम्ब्रियनच्या आधीचे खडकही होते आणि जीवाश्मही.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये काय घडले?

तोपर्यंत वॉलकॉट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव, म्हणजे प्रमुख, झाले होते. जीवाश्म शोधायला उन्हाळाच काय तो मोकळा मिळे. पत्नी हेलेना यांचा घोडा एका शिळेला अडखळला, वॉलकॉट यांनी ती शिळा फोडली आणि आत खजिना निघाला, अशी एक कथा पुढे प्रसिद्ध झाली. स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात वॉलकॉट यांची डायरी तपासून ही कथा मोडीत काढली. डायरीत घोडा नाही. ३१ ऑगस्टच्या पानावर आहेत ती विचित्र कवचधारी प्राण्यांची छोटी रेखाटने.

पुढच्या वर्षी मुलांना सोबत घेऊन त्यांनी ते तुकडे ज्या थरातून घसरले होते तो थर शोधला आणि खोदकाम सुरू केले. सिडनी या मुलाच्या नावावरून एका प्राण्याचे नाव ‘सिडनेया’ ठेवले गेले.

हाडे, कवच, दात यांचे जीवाश्म होणे समजू शकते. इथे तर मऊ शरीरेही टिकली होती. समुद्राखालच्या एका कड्याच्या पायथ्याशी चिखलाचे लोट येत आणि प्राणी बारीक गाळात गाडले जात. कुजण्याची प्रक्रिया थांबून शरीराची कार्बनची पातळ पट्टी खडकावर उरली.

चूक कुठे झाली?

वॉलकॉट यांनी जवळपास प्रत्येक प्राणी आज जिवंत असलेल्या गटांत बसवला. कोणी कोळंबीचा नातेवाईक, कोणी कृमी, कोणी जेलीफिश. अनॅनसच्या चकतीसारखी एक गोल आकृती त्यांनी जेलीफिश म्हणून नोंदवली. प्रत्यक्षात ते अनोमॅलोकॅरिसच्या कुळातील एका मोठ्या शिकारी प्राण्याचे तोंड होते, हे हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये दाखवले. व्हिटिंग्टन यांनी दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या अवजाराने जीवाश्माचा वरचा थर अलगद काढला, तेव्हा खाली पाय आणि अवयव दिसू लागले. हे जीवाश्म पूर्ण चपटे नव्हते. ओपाबिनिया या प्राण्याला पाच डोळे आणि पुढे सोंड असल्याचे त्यांनी एका सभेत सांगितले, तेव्हा श्रोते हसले होते.

वॉलकॉट यांना पूर्वग्रहदूषित ठरवणे सोपे आहे, गूल्ड यांनी तसे केलेही. पण ओपाबिनियाला आज संधिपाद प्राण्यांच्या शाखेच्या मुळाशी ठेवले जाते. म्हणजे कोळंबीशी नाते जोडण्यात वॉलकॉट अगदीच भरकटले नव्हते. खरी अडचण वेळेची असावी. स्मिथसोनियनसोबत राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद आणि ‘नासा’ची पूर्वसुरी मानली जाणारी विमानविद्या समिती असा त्यांचा पसारा होता. त्यात घरातले घाव. १९११ मध्ये हेलेना रेल्वे अपघातात गेल्या, १९१३ मध्ये मोठा मुलगा वारला आणि १९१७ मध्ये स्टुअर्ट हा मुलगा फ्रान्समधील हवाई लढाईत मारला गेला. निवृत्तीनंतर निवांत अभ्यास करू म्हणावे, तर निवृत्ती आलीच नाही. ९ फेब्रुवारी १९२७ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

नमुने मात्र वॉशिंग्टनमध्ये नीट खणांत लावून ठेवलेले होते. त्यांतच पाचेक सेंटिमीटरचा ‘पिकाया’ होता. वॉलकॉट यांनी १९११ मध्ये त्याची नोंद कृमी म्हणून केली. पुढे सायमन कॉनवे मॉरिस यांना त्याच्या पाठीत कण्याच्या आधीच्या दोरीसारख्या रचनेची खूण दिसली, आणि पिकायाची गणना मासे, बेडूक, पक्षी आणि माणूस यांच्या शाखेत होऊ लागली.