बाबासाहेबांनी मिळवून दिलेले मत यादीत आहे काय?

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून अभिवादन करतो. पण गोरगरिबांचे नाव मतदार यादीत यावे म्हणून या महामानवाने आयुष्याची तीस वर्षे झुंज दिली, हे किती जण सांगतात? शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत राबून उचगावसारख्या गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराने तर हा इतिहास पाठच करायला हवा.

२७ जानेवारी १९१९ रोजी सिडनहॅम कॉलेजातले २७ वर्षांचे प्राध्यापक आंबेडकर साउथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले. मताचा हक्क तेव्हा जमीन, शेतसारा, कर यांवर ठरत असे. म्हणजे मालमत्ता हेच ओळखपत्र! ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याने जमिनीचा कागद आणायचा कुठून? म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा, अशी मागणी त्यांनी केली. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी या तरुणाला समाजाचा पुढारी म्हणून गौरवले.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मतदानाचाच आग्रह धरला. १७ मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात साक्षरतेची अटही त्यांनी खोडून काढली. अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही, असे मानायला ते तयार नव्हते. १९३२ च्या लोथियन समितीतही ते होते. तरीही १९३५ च्या कायद्याने बहुसंख्य गरिबांना मताबाहेरच ठेवले.

घटना लिहिताना मात्र त्यांनी ही दारे उघडली. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणाला यादीबाहेर ठेवता येणार नाही, हे कलम ३२५ ने बजावले. १५ जून १९४९ रोजी तर त्यांनी मूळ मसुदाच बदलून घेतला. प्रांतोप्रांती वेगळे आयोग नेमण्याऐवजी देशाला एकच स्वतंत्र निवडणूक आयोग दिला. कारण काही प्रांतांत भाषेने, वंशाने परक्या ठरवलेल्या लोकांची नावे यादीत घेतली जात नाहीत, अशा तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. यादी ज्याच्या हातात, मत त्याच्या हातात, हे त्यांनी ओळखले होते.

पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. कुणाची बायको, कुणाची आई एवढीच त्यांची नोंद होती. त्याच निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईत सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले आणि तिथे बाद झालेली मते होती ७४,३३३! त्यांनी अशोक मेहतांसह न्यायाधिकरणात दाद मागितली, ती फेटाळली गेली. १९५४ मध्ये भंडाऱ्यातही पराभव झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता कायदा काय सांगतो? बाबासाहेब कायदामंत्री असताना झालेल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२ म्हणते, यादीत नाव नसेल तर मत नाही. खिशात मतदार ओळखपत्र असले तरी नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने अशा मतदाराला तात्पुरती मतपत्रिका मिळते. पात्रता तपासून ते मत नंतर मोजतात. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल, तर नियम ४९-पी प्रमाणे प्रदत्त मतपत्रिका मिळते. पण ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि न्यायालयाने सांगितल्याशिवाय सहसा उघडली जात नाही.

म्हणजे लढाई मतदानाच्या दिवशी नाही, त्याआधीच लढावी लागते. २०२५ मध्ये बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. ती कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ओळखीचा पुरावा म्हणून आधार स्वीकारा, हेही न्यायालयानेच बजावले. १९१९ मध्ये जमिनीचा कागद मागत होते, आज जन्माचा दाखला मागतात. कागद बदलला, पण तो ज्याच्याकडे नसतो तो माणूस तोच राहिला!

एकदा यादीत आलेल्या माणसाला नोटीस न देता, त्याचे म्हणणे न ऐकता परका ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा बांधवांनो, प्रारूप यादी लागली की वस्तीतल्या प्रत्येक घराची नावे मोठ्याने वाचा. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला किंवा चूक असेल तर नमुना ८ भरा आणि पोच घ्या. अर्ज फेटाळला तर कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरते यादीचे दार बंद होते. जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण घरोघर जातोच. त्याच फेरीत हातात मतदार यादी असू द्या.