बेझची चाळणी

मॅथ्सच्या पेपरला बेझचं प्रमेय आलं की आपण ते सरळ ऑप्शनला टाकतो. पण हाच बेझ आपल्या मेलबॉक्सच्या दारात राखणीला उभा आहे.

थॉमस बेझ अठराव्या शतकातला इंग्लंडमधला धर्मोपदेशक. घराणं सरकारमान्य चर्चबाहेरचं, त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिज बंद. १७१९ मध्ये तो एडिंबरोला शिकायला गेला. पुढे टनब्रिज वेल्सला प्रवचनं दिली, १७४२ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हयातीत गणितावर एकच पुस्तक छापलं, तेही नाव न घालता! (आपण दुसऱ्याच्या जर्नलवरही आपलं नाव घालतो.)

७ एप्रिल १७६१ ला तो वारला. नातेवाइकांनी त्याचे कागद मित्र रिचर्ड प्राइसला चाळायला दिले. त्यात एक न छापलेला निबंध निघाला. प्राइसने त्यावर मेहनत घेऊन १७६३ च्या नोव्हेंबरात तो जॉन कँटनकडे पाठवला आणि २३ डिसेंबरला तो रॉयल सोसायटीत वाचला गेला. आलेलं चाळायचं, कामाचं तेवढं पुढे धाडायचं, हे प्राइसने हाताने केलं.

निबंधात एक टेबल आहे. त्यावर चेंडू टाकलाय, पण कुठे ते दिसत नाही. पुढचे चेंडू त्याच्या डावीकडे पडले की उजवीकडे, एवढंच कळतं. चेंडूगणिक अंदाज सुधारतो. मेलचा फिल्टर चेंडूंऐवजी शब्द घेतो. समजा १०० मेलपैकी ६० फालतू, ४० कामाचे. 'लॉटरी' हा शब्द ३० फालतूंत आणि २ कामाच्यांत आहे. मग 'लॉटरी' असलेला नवा मेल फालतू असण्याची शक्यता ३२ पैकी ३०, म्हणजे ९४ टक्क्यांच्या आसपास. असे बरेच शब्द मिळून आकडा हद्दीपुढे गेला की मेल स्पॅममध्ये. नाहीतर इनबॉक्समध्ये, किंवा आपण सांगू त्या पत्त्यावर फॉरवर्ड.

पण त्या दोघांचं काय? माझं इंटरव्ह्यूचं बोलावणं असंच स्पॅममध्ये पडून राहिलं. सापडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. पॉल ग्रॅहमने २००२ मध्ये अशा फिल्टरवर लिहिलं तेव्हा कामाच्या मेलमधल्या शब्दांची मोजणी त्याने मुद्दाम दुप्पट धरली होती. चार फालतू मेल आत आले तरी चालतील, कामाचा एक अडकता कामा नये, हा हिशेब.

बेझला लंडनच्या बनहिल फील्ड्समध्ये पुरलंय. १७९१ मध्ये प्राइसलाही तिथेच पुरलं.