हजरत सलमान फारसी (रजि.) यांचे घर

वाचकहो! बगदादच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, दजला नदीच्या काठी, विटांची एक प्रचंड कमान उभी आहे. इराणच्या सासानी सम्राटांच्या राजवाड्याचा हा उरलेला अवशेष असून त्यास 'ताके किसरा' म्हणतात. कमानीची उंची ३५ मीटरहून अधिक व रुंदी सुमारे २५ मीटर आहे. हिच्याखाली सम्राटांचा दरबार भरत असे. इ. स. १८८८ च्या महापुरात राजवाड्याचा मोठा भाग ढासळला आणि उरलेलाही काळाच्या आघाताने झिजत आहे. ज्या गावात ही कमान उभी आहे, त्या गावास मात्र आज कोणत्याही सम्राटाचे नाव नाही. ते गाव 'सलमान पाक' या नावाने ओळखले जाते. ज्या सत्पुरुषाचे हे नाव, तो या प्रदेशाचा शासक होता आणि याच राजवाड्याच्या परिसरात तो अशा घरात राहिला, ज्यात उभे राहिल्यास डोके छताला लागावे. आपल्या अनेक कुटुंबांत मुलांची नावे 'सलमान' ठेवली जातात. ते नाव ज्यांच्यामुळे आपणांस प्रिय झाले, त्या हजरत सलमान फारसी (रजि.) यांचे जीवन आपण त्यांच्या घराच्या संदर्भात पाहू या.

हजरत सलमान (रजि.) यांचा जन्म झोपडीत झालेला नव्हता, ही गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. प्रसिद्ध कथनानुसार ते इस्फहानजवळील जय्य या गावचे. त्यांचे वडील गावाचे प्रमुख व मोठे जमीनदार होते. मुलावर त्यांचे इतके प्रेम होते, की ते त्यास घराबाहेरही पडू देत नसत. घराण्याचा धर्म अग्निपूजेचा होता आणि पवित्र अग्नी विझू न देण्याचे काम या मुलाकडे होते. एके दिवशी वडिलांनी त्यास शेतीवर लक्ष ठेवण्यासाठी पाठविले. वाटेत एका चर्चमधील प्रार्थना ऐकून तो तेथेच थांबला. संध्याकाळी घरी परतल्यावर त्याने जे वाटले ते स्पष्ट सांगितले. परिणामी ज्या घरात त्याचे एवढे लाड होत होते, त्याच घरात त्याच्या पायांत बेड्या पडल्या. घर कितीही प्रशस्त असले, तरी सत्याचा शोध घेण्याची मुभा तेथे नसेल तर ते कारागृहच ठरते, हा धडा त्यांनी तरुणपणीच घेतला. संधी मिळताच बेड्या तोडून ते शामकडे निघाले. वडिलांचे ते घर त्यांनी कायमचे सोडले.

शाममध्ये ज्या धर्मगुरूच्या सेवेत ते राहिले, त्याने त्यांना दुसरा धडा दिला. तो लोकांना दानधर्माचा उपदेश करी आणि आलेले दान स्वतःच साठवून ठेवी. त्याच्या मृत्यूनंतर सलमान (रजि.) यांनी लोकांना ती जागा दाखविली, तेव्हा सोन्याचांदीने भरलेले सात रांजण बाहेर निघाले. त्याच्या जागी आलेला धर्मगुरू खरा विरक्त व सज्जन होता. त्याच्या निधनानंतर त्याच्या सांगण्यावरून ते मोसुल, तेथून नसीबैन व पुढे अम्मूरिया येथील सत्पुरुषांकडे गेले. अम्मूरियात त्यांनी स्वतःच्या कष्टाने काही गाई व शेळ्या मिळविल्या होत्या. अखेरचा प्रेषित अरबभूमीत येणार, असे तेथे कळल्यावर ती सारी जनावरे त्यांनी अरब व्यापाऱ्यांना देऊन टाकली, कारण त्यांना त्या भूमीत पोहोचावयाचे होते. व्यापाऱ्यांनी विश्वासघात केला आणि वादिउल कुरा येथे त्यांना गुलाम म्हणून विकले. पुढे ते मदीनेतील बनू कुरैझाच्या एका माणसाच्या मालकीत आले. जमीनदाराचा मुलगा आता दुसऱ्याच्या खजुरीच्या बागेत राबू लागला.

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा सलमान (रजि.) यांनी ऐकून ठेवलेल्या खुणा पडताळून पाहिल्या. प्रेषित (स.) दान स्वतः खात नाहीत, भेट मात्र स्वीकारतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले, प्रेषितत्वाची मुद्रा पाहिली आणि इस्लामचा स्वीकार केला. गुलामगिरीमुळे बद्र व उहुदच्या लढायांत त्यांना भाग घेता आला नाही. मालकाने सुटकेची किंमत ठरविली, ती ३०० खजुरीची रोपे व ४० ऊकिया सोने. सहाबांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे रोपे आणून दिली, कोणी तीस, कोणी वीस, कोणी दहा. प्रेषितांनी (स.) ती स्वतःच्या हातांनी लावली. हिजरी ५ मध्ये (इ. स. ६२७) मदीनेवर मोठे सैन्य चालून आले, तेव्हा शहराभोवती खंदक खोदण्याचा सल्ला याच इराणी सहाबींनी दिला. त्या प्रसंगी मुहाजिर व अन्सार दोघेही त्यांना आपल्यातील म्हणू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्या घरातील व्यक्ती, अहले बैतपैकी, ठरविले. वडिलांच्या वाड्यातून बाहेर पडलेल्या माणसाला यापेक्षा मोठे घर कोणते मिळणार होते?

आणि ते प्रेषितांचे (स.) घर कसे होते? कच्च्या विटांच्या व खजुरीच्या फांद्यांच्या लहान लहान खोल्या! हसन बसरी (रह.) यांनी लहानपणी या खोल्या पाहिल्या होत्या. त्यांचे छत हाताला लागत असे, असे ते सांगत. सलमान (रजि.) यांच्या डोळ्यांसमोर घराचा आदर्श म्हणून हेच घर कायम राहिले.

वाचकहो, येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. साधेपणा म्हणजे संसाराकडे पाठ फिरविणे, असे काहींना वाटते. सलमान (रजि.) यांनी ही समजूत स्वतःच खोडून काढली आहे. मदीनेत प्रेषितांनी (स.) त्यांचे व अबू दर्दा (रजि.) यांचे बंधुत्वाचे नाते जोडून दिले होते. एकदा ते या भावाच्या घरी गेले, तेव्हा भावजय उम्मे दर्दा (रजि.) अगदी साध्या, उदास वेशात दिसल्या. विचारल्यावर कळले, की अबू दर्दा (रजि.) यांना ऐहिक गोष्टींत काहीच रस उरलेला नाही, दिवसा रोजा व रात्री नमाज, हाच त्यांचा क्रम. सलमान (रजि.) यांनी आग्रहाने त्यांचा नफिल रोजा सोडविला, आपल्यासोबत जेवावयास बसविले, रात्री झोपावयास लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी भावाला समजाविले, की पालनकर्त्याचा जसा आपल्यावर हक्क आहे, तसाच आपल्या देहाचा व कुटुंबाचाही आहे आणि ज्याचा जो हक्क असेल तो त्याला दिला पाहिजे. ही हकीकत प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा त्यांनी सलमान (रजि.) यांचेच म्हणणे खरे ठरविले.

सलमान (रजि.) यांचा साधेपणा हक्कांच्या याच जाणिवेतून आलेला आहे. स्वतःची गरज जितकी कमी, तितका दुसऱ्याचा हक्क देणे सोपे, हे त्यांचे गणित होते.

हिजरी १६ मध्ये (इ. स. ६३७) हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम सैन्याने सासानींची राजधानी मदाइन जिंकली. त्या सैन्यात सलमान (रजि.) होते. ज्या सम्राटाच्या प्रजेत त्यांचा जन्म झाला, त्याच्याच राजवाड्यात ते विजेत्यांसमवेत शिरले. तेथील रत्नजडित गालिचा मदीनेस पाठविण्यात आला आणि हजरत उमर (रजि.) यांनी त्याचे तुकडे करून ते लोकांत वाटून टाकले. लवकरच नव्या वसाहतीसाठी योग्य जागा शोधण्याचे काम सलमान (रजि.) व हुजैफा (रजि.) यांच्याकडे आले आणि त्यांच्या पाहणीनंतर कूफा शहर वसले. हजारो लोकांच्या घरांसाठी जागा निवडणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी मात्र घर बांधले नव्हते.

पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत ते मदाइनचे राज्यपाल झाले. त्यांच्या अधिकाराखाली सुमारे ३०,००० लोक होते व त्यांना ५,००० दिरहमांचे वार्षिक मानधन मिळत असे, असे हसन बसरी (रह.) यांचे कथन आहे. हे सारे मानधन ते गरजूंना वाटून टाकीत आणि स्वतः खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या विणून पोट भरीत. एका दिरहमाची पाती घ्यावयाची, विणलेला माल तीन दिरहमांना विकावयाचा. त्यांतील एक पुढच्या भांडवलासाठी, एक घरखर्चासाठी व एक दानासाठी, असा त्यांचा हिशेब होता. एकच अबा होती. तिचा अर्धा भाग अंथरावयाचा व अर्धा पांघरावयाचा. शामहून आलेल्या एका परक्या माणसाने त्यांना हमाल समजून आपले ओझे त्यांच्या डोक्यावर दिले. लोकांनी ओळख सांगताच तो माणूस शरमिंदा झाला, तरी सलमान (रजि.) यांनी ओझे त्याच्या मुक्कामापर्यंत पोहोचविले.

बराच काळ ते भिंतीच्या वा झाडाच्या सावलीत बसत आणि सावली सरकेल तसे स्वतः सरकत. अखेर एका व्यक्तीने त्यांच्यासाठी घर बांधण्याचा आग्रह धरला. घर कसे बांधणार, असे त्यांनी विचारले. त्या व्यक्तीने सांगितले, की बोरूच्या भिंती व लव्हाळ्याचे छप्पर असेल. उभे राहिल्यास डोके छताला टेकेल आणि झोपल्यास पाय भिंतीला लागतील. हे ऐकून सलमान (रजि.) प्रसन्न झाले. आपल्या मनातलेच याने ओळखले, असे त्यांना वाटले.

विवाहाच्या वेळीही त्यांनी हाच नियम पाळला. किंदा कबील्यातील स्त्रीशी त्यांचा निकाह झाला, तेव्हा सासरच्यांनी घर भारी पडद्यांनी सजविले होते. दारावरचा एक पडदा सोडून बाकीचे सर्व काढल्याशिवाय त्यांनी घरात पाऊल टाकले नाही. दारावरचा पडदा ठेवला, कारण त्याची गरज होती. गरज व दिखावा यांतील सीमा त्यांनी अशी एका पडद्याने दाखवून दिली.

अबू दर्दा (रजि.) तोवर शाममध्ये स्थायिक झाले होते. त्यांनी पत्र लिहून भावाला त्या पवित्र भूमीत येण्याचे निमंत्रण दिले. सलमान (रजि.) यांनी उत्तरात कळविले, की भूमी कोणालाही पवित्र करीत नाही, माणसाला त्याचे आचरणच पवित्र करते.

हिजरी ३५-३६ च्या सुमारास मदाइनमध्येच त्यांचे अखेरचे आजारपण आले. साद (रजि.) भेटीस आले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू होते. मृत्यूचे भय किंवा जगाचा मोह हे त्यांचे कारण नव्हते. ऐहिक सामान प्रवाशाच्या शिदोरीएवढेच असावे, असे वचन प्रेषितांनी (स.) घेतले होते आणि आपल्याकडून त्याहून अधिक गोळा झाले, अशी त्यांना खंत होती. सभोवती काय होते? कपडे धुण्याचे एक पात्र, एक वाडगा व वुजूचे भांडे! निधनानंतर मोजदाद झाली, तेव्हा मागे राहिलेल्या मालाची किंमत वीस ते तीस दिरहमांच्या दरम्यान भरली. जलूलाच्या लढाईत मिळालेली थोडी कस्तुरी मात्र त्यांनी पत्नीकडे जपून ठेवावयास दिली होती. अखेरच्या घटकेस ती पाण्यात कालवून अंथरुणाभोवती शिंपडावयास त्यांनी सांगितले, कारण अन्न न खाणारे पण सुगंध जाणणारे पाहुणे, म्हणजे फरिश्ते, येणार आहेत अशी त्यांची श्रद्धा होती. चांगल्या वस्तूंचा त्यांना तिटकारा नव्हता, हे यावरून दिसते. कोणती वस्तू कशासाठी जपावयाची, हे त्यांना ठाऊक होते.

वाचकहो, या चरित्राचा आपल्या घराशी काय संबंध, याचा विचार करा. आपणांपैकी कित्येक कुटुंबे एका खोलीत राहतात व पाहुणे आले की संकोचतात. ज्या घराने मदाइनच्या राज्यपालास लाज आणली नाही, ते तुम्हांला का लाज आणील? कित्येक जण उलट दिशेने धावत आहेत. शेजाऱ्याहून मोठे घर हवे म्हणून व्याजाच्या कर्जात बुडणे, मुलीच्या निकाहात दिखाव्यासाठी घर गहाण टाकणे आणि मग जकात, नातेवाइकांचे हक्क व शेजाऱ्याची भूक यांसाठी हाती काहीच न उरणे, ही आज घरोघरची कहाणी झाली आहे. मोठे घर हराम नाही. हलाल कमाईचे, कुटुंबाच्या गरजेपुरते प्रशस्त घर ही अल्लाहची देणगी आहे. शिवाय स्वतःच्या विरक्तीपायी पत्नी व मुलांना हालात ठेवणेही योग्य नाही, अबू दर्दा (रजि.) यांच्या घरी सलमान (रजि.) यांनी तेच शिकविले. प्रश्न एवढाच, की आपल्या भिंतींत जे साठले आहे, त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क अडकून पडलेला नाही ना?

आज रात्री आपल्या घरातील एखादे कपाट उघडा आणि कुटुंबीयांसमवेत पाहा, की त्यातील किती वस्तू दारावरच्या पडद्यासारख्या गरजेच्या आहेत व किती सजावटीच्या पडद्यांसारख्या आहेत. ज्या गरजेच्या नाहीत, त्या ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचवा. मुलांच्या हातांनीच पोहोचवा, म्हणजे सलमान हे नाव त्यांना केवळ हाक मारण्यापुरते राहणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांना गरज व हव्यास यांतील अंतर ओळखण्याची सद्बुद्धी देवो आणि आपली घरे, लहान असोत वा मोठी, हक्कदारांचे हक्क देणारी घरे बनवो. आमीन.